टिपणिसांचा न जुळलेला तारा

तुम्ही पनवेलच्या एका माणसाचा तारा न बघता फेकून दिलात.

सरळच सांगितलेलं बरं. 'महोदय' आणि 'सविनय' घालून तो परत मिळणार नाही. तुमचं नाव कुणाला ठाऊक नाही. तुम्ही खुर्चीत बसता की कुठल्या परदेशी थंड खोलीतल्या कपाटात नुसतेच गुरगुरता, हेही नाही. पण गुण देता तुम्ही आणि शून्यही देता तुम्हीच. ज्याला शून्य दिलं त्याला 'काय रे, काय झालं' एवढं विचारायची रीत आमच्याकडचे शाळामास्तरसुद्धा पाळतात. तुम्ही पाळली नाहीत. तेव्हा आता सगळं ऐकून घ्या.

ज्याला शून्य दिलंत तो माणूस म्हणजे कृष्णकांत दत्तात्रय टिपणीस, वय बासष्ट, नवीन पनवेल, शांतिसागर सोसायटी, दुसरा मजला. एकतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत नकाशे काढले. रस्ते, नाले, पाणी साठवायचे तलाव. आज ज्या चौकात तुम्ही हिरव्या दिव्याची वाट बघता (तुम्ही नाही बघत, पण पनवेलची माणसं बघतात), तो चौक आधी टिपणिसांच्या पेन्सिलीखाली झाला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात तीन रकाने असत. मंजूर करणारा, तपासणारा आणि काढणारा. काढणाऱ्याचा रकाना अगदी कडेला. प्रती निघाल्या की शिपाई पट्टी लावून कडा सारख्या करायचा, आणि त्या चिंधीबरोबर 'कृ. द. टि.' ही तीन अक्षरं टोपलीत जायची. एकतीस वर्षं. यात कुणाचं वैर नव्हतं, कट नव्हता. म्हणून तर भांडायलाही जागा नव्हती.

निवृत्तीनंतर लोक बाग करतात, गुडघे करतात. टिपणिसांनी कॉम्प्युटर घेतला. तोही जुना, लाईन आळीतल्या इंद्रजीतच्या दुरुस्तीच्या दुकानातून. त्यावर ते सकाळी पेपर वाचत आणि मग दिवसभर तो टीव्हीशेजारी जावयासारखा नुसता बसून असे. हे शब्द इंद्रजीतचे. तोच एकदा कीबोर्ड द्यायला आला आणि म्हणाला, "काका, याला कामाला लावू का? एक प्रकल्प आहे. मोठ्या दुर्बिणींनी आकाशाचा आवाज भरून ठेवलाय, आणि तो ऐकायला त्यांच्याकडे तेवढी यंत्रं नाहीत. म्हणून ते तुकडे करतात आणि जगभरच्या लोकांच्या रिकाम्या कॉम्प्युटरांना वाटतात. तुमचं यंत्र आपला तुकडा ऐकणार. त्यात एखादा तारा ठोके देत असला तर कळवणार."

"तारा ठोके देतो?"

"काही देतात. घड्याळासारखे."

"आणि मला काय करायचं?"

"काही नाही. बंद करायचं नाही, बस."

काही न करता करायचं काम टिपणिसांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. तरी त्यांनी एक गोष्ट विचारली. "सापडला तर नाव कुणाचं?"

"ज्यांच्या यंत्रांनी ऐकला त्यांचं. यादी असते, साइटवर कायमची."

टिपणीस खुर्ची ओढून बसले. नाव भरायच्या चौकटीत त्यांनी इंग्रजीत पूर्ण नाव, 'निवृत्त', इमारत, पूर्व की पश्चिम आणि पिनकोड असं सगळं भरलं. इंद्रजीत म्हणाला, "काका, लोक इथे नुसतं 'वाघ' नाहीतर 'काळा घोडा' लिहितात."

"लिहू देत. त्यांची नावं कुणी कापली नसतील."

आता तुमच्या गुणांबद्दल. तुमचा कायदा तुम्हाला माहीत आहेच, पण आमच्या वाचकांना कळायला हवा. एकच तुकडा तुम्ही दोन वेगवेगळ्या माणसांच्या यंत्रांना देता. दोघांची उत्तरं जुळली तर दोघांना सारखे गुण. एकाने आधी दिलं आणि दुसरा रेंगाळला, तर पहिल्याचे गुण 'प्रलंबित'. हा शब्द पडद्यावर पाहून टिपणिसांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्या यंत्राला विचारायचं, आणि तिसरा ज्याच्या बाजूने बोलेल तो खरा. उरलेल्याला शून्य. या गुणांचं पुढे काय होतं? काहीच होत नाही. ते मिरवायचे असतात.

"म्हणजे त्याचं काही येत नाही?" सत्यवतीबाईंनी पोळी लाटता लाटता विचारलं. त्या टिपणिसांच्या पत्नी आणि त्यांच्या आयुष्यातल्या एकमेव तपासनीस.

"नाही."

"मग बरंय. कुणी मागायला येणार नाही."

टिपणिसांचं यंत्र म्हातारं. एका तुकड्याला त्याला पाच दिवस लागत. पहिला जोडीदार लाभला तो फिनलंडचा, नाव पेक्का. त्याच्या यंत्राने तोच तुकडा तीन तासांत संपवला होता. गुण दोघांना सारखे. टिपणीस आधी चिडले. पाच दिवस घासणारा आणि तीन तासांत उरकणारा एका पंगतीला? मग त्यांच्या लक्षात आलं की कचेरीत नेमकं उलट होतं. तिथे पाच दिवस घासणाऱ्याला काही नसे आणि तीन मिनिटांत सही करणाऱ्याला सगळं असे. त्या मानाने ही परदेशी माणसं धर्मराजच. (हे त्यांचं तेव्हाचं मत. आज विचारू नका.)

आणि मग दुपारी बदलल्या.

जेवण झालं की टिपणीस कॉम्प्युटरशेजारच्या आरामखुर्चीत पडत. पडदा काळा, त्यावर एक बारीक निळी पट्टी हळूहळू सरकतेय, पंखा मंद घूं करतोय. पनवेलच्या आकाशात आता मोजून चार तारे दिसतात, त्यातली दोन विमानं असतात, आणि उलव्याकडून वारा आला की बांधकामाच्या धुळीत तेही विरघळतात. पण त्या खुर्चीत डोळे मिटले की आकाश आख्खं असे. कचेरीतल्या नकाशांच्या जुन्या प्रतींसारखं निळं, अमोनियाचा वास येणारं, आणि त्यावर पांढरे ठिपके. टिपणीस स्वप्नात त्यावर पालथे पडून पट्टीने एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढत. पलीकडच्या कडेला एक उंच माणूस बर्फात उकिडवा बसून त्याच रेघेचं दुसरं टोक धरून असे. तो पेक्का. दोघं बोलत नसत. रेघ जुळली की मान हलवत. जागे झाले की चार वाजलेले असत, चहा झालेला असे आणि पट्टी दोन टक्क्यांनी पुढे गेलेली असे.

अशा सुखाला सोसायटी फार दिवस नजर न लावता राहत नाही. खालच्या मजल्यावरचा शैलेश हा सेक्रेटरी. त्याला वरून चोवीस तास घूं ऐकू येऊ लागलं. तो रीतसर माणूस, म्हणून त्याने वर येऊन विचारलं नाही, नोटीस पाठवली. 'आपल्या निवासी सदनिकेत यंत्राद्वारे व्यवसाय चालत असल्याचे निदर्शनास आले आहे.' टिपणीस खाली गेले.

"शैलेश, तारे शोधतोय रे मी."

"काका, मला तारे चालतात. पण माझा मेहुणा सांगतो, असं रात्रंदिवस चालणारं यंत्र म्हणजे ते इंटरनेटवरचं नाणं पाडण्याचा धंदा. उद्या काही झालं तर सेक्रेटरी म्हणून मी आत जाईन. तुम्ही नुसतं लिहून द्या. स्टॅम्पपेपरवर."

तेवढ्यात चेअरमन जगनशेठ आले. मूळचे इथल्याच गावचे. ही इमारत ज्या शेतावर उभी आहे ते त्यांच्या आजोबांचं. जमीन सरकारात गेली की साडेबारा टक्के विकसित होऊन परत मिळते, हे इथल्या माणसाला पाळण्यातच शिकवतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मुद्द्यावर आले.

"काका, तारा सापडला तं साडेबारा टक्के कोनाला?"

"अहो, तो कुणाचाच नसतो."

"आमच्या जमिनीला पण पयले असंच बोलले व्हते. तुमी कागद करून ठेवा. नंतर नाय बोलू नका, जगननी सांगितला नाय म्हनून."

म्हणून टिपणीस तहसील कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडे गेले. त्याने मान वर न करता विचारलं, "मिळकत कुठल्या गावच्या हद्दीत?"

"हद्दीबाहेर," टिपणीस म्हणाले.

त्याने टाइप केलं. कागद असा झाला: 'मी खाली सही करणार लिहून देतो की हद्दीबाहेरील ताऱ्यांपासून मी कोणतेही उत्पन्न घेत नाही व भविष्यात घेणार नाही, तसेच सदर ताऱ्यांवर माझा वा माझ्या वारसांचा हक्क राहणार नाही.' टिपणिसांनी सही केली. सही कागदाच्या मध्यभागी होती, कडेला नव्हती. त्यांना उगाचच बरं वाटलं.

आणि मग तो तुकडा आला.

आला तो दसऱ्याच्या सहा दिवस आधी. मुदत दसऱ्याच्या संध्याकाळी पाचपर्यंत. जोडीदार पुन्हा पेक्का, त्याचं उत्तर केव्हाच गेलेलं. दुसऱ्या दिवशी साइटवर टिपणिसांना त्याचा निरोप दिसला, त्याच्या मोडक्या इंग्रजीत, जे टिपणिसांच्या मोडक्या इंग्रजीला लगेच समजलं. 'माझ्या यंत्राने या तुकड्यात काहीतरी ऐकलंय. सेकंदाला चार ठोके. तुझं जुळलं तर आपण दोघं. बंद करू नको.'

तुझं जुळलं तर आपण दोघं. टिपणिसांनी हे वाक्य तीनदा वाचलं, चौथ्यांदा सत्यवतीबाईंना वाचून दाखवलं.

"यादीत नाव येणार?"

"येणार. कायमचं."

"कडेला नाही ना?"

"यादीला कडा नसते."

पुढचे पाच दिवस त्या घरात माणसं चोरपावलांनी वावरली. मिक्सर लावला नाही, हो, ठोके चुकतील म्हणून. मंगळवारी दोन तास वीज गेली तेव्हा जगनशेठांनी स्वतःच्या घरातला इन्व्हर्टर दोन माणसांकरवी वर पाठवला. "टक्के नायत तं नायत," ते म्हणाले, "पण तारा आमच्या शेतातल्या बिल्डिंगीत सापडतोय ना." दसऱ्याच्या सकाळी पट्टी एक्क्याण्णववर होती.

आता इथे तुमच्या परदेशी डोक्यात न शिरणारी गोष्ट येते, म्हणून सावकाश सांगितली पाहिजे. दसऱ्याला आम्ही हत्यारांची पूजा करतो. ज्याचं जे हत्यार असेल ते. सत्यवतीबाईंनी पाटावर विळी मांडली, शिलाईमशीनला हार घातला, खाली जाऊन स्कूटरला घातला, टिपणिसांचा जुना काटकोनाचा गुण्या आणि रेघा ओढायचं पेन पुसून ठेवलं. आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावायचं नाही. त्याने वर्षभर राबावं आणि एक दिवस टेकावं. एवढं साधं. सत्यवतीबाई तबक घेऊन कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या.

"हे बंद करा."

"अगं, आज नाही. आज संध्याकाळी पाचपर्यंत..."

"एकतीस वर्षं तुम्हाला कुणी दसऱ्याला टेकू दिलं नाही. कचेरीत बोलावून घ्यायचे. आता तुम्ही याच्याशी तेच करताय."

टिपणिसांनी एक्क्याण्णववरच्या पट्टीकडे बोट दाखवलं.  शेवटी तह झाला. यंत्र चालू राहील, पण पूजा यथासांग होईल, आणि उद्या त्याला दिवसभर सुटी. सत्यवतीबाईंनी हळदकुंकू वाहिलं. अक्षता वाहिल्या. वर आपट्याची दोन पानं ठेवली. आणि सगळ्यात टपोऱ्या झेंडूचा, त्यांनी स्वतः ओवलेला, इतर कुणालाही न घातलेला जाडजूड हार कॉम्प्युटरच्या पेटीला असा नेमका घातला की ती नवरीसारखी दिसली. पेटीला श्वास घ्यायला बाजूला जाळी असते. हार त्या जाळीवर होता.

श्रीखंडपुरी झाली. टिपणीस आरामखुर्चीत पडले. त्या दुपारचं स्वप्न त्यांना अजून आठवतं. निळं आकाश नेहमीपेक्षा उबदार होतं, त्याला झेंडूचा वास होता, आणि कुठूनतरी टक टक टक टक असा फार भराभर ठोका येत होता. पेक्का पलीकडून काहीतरी ओरडत होता, ते बर्फात मुरत होतं. टिपणीस त्याला म्हणाले, ऐकू येतंय रे, ऐकू येतंय.

टक टक म्हणजे अक्षता. आत ओढल्या जाऊन पंख्याच्या पात्यांवर नाचत होत्या. पाकळ्याही गेल्या. यंत्र आतून भाजत होतं, पण थांबलं नाही. चार वाजून वीस मिनिटांनी, मुदतीच्या चाळीस मिनिटं आधी, त्याने उत्तर तुमच्याकडे पाठवलं आणि मग ते स्वतःहून बंद पडलं.

संध्याकाळी शैलेश सोनं द्यायला आला, जगनशेठ आले, सगळ्यांनी आपट्याची पानं हातात दिली आणि टिपणिसांना आगाऊ अभिनंदन म्हटलं. तिसऱ्या दिवशी इंद्रजीतने पेटी उघडली. आतून हळदीचा ढग आला.

"काका, काय घातलंत यात?"

"पूजा," टिपणीस म्हणाले.

सत्यवतीबाई चिमटा घेऊन बसल्या आणि एकेक अक्षत वेचून वाटीत टाकू लागल्या.  सदतीस निघाल्या. यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर तुमचा निकाल आला. जुळलं नाही. गुण शून्य. तुकडा तिसऱ्या यंत्राला दिला, त्याचं उत्तर पेक्काशी जुळलं, सेकंदाला चार ठोके, तारा सापडला. यादीत दोन नावं लागली होती. पहिलं पेक्का. दुसऱ्या जागी त्या तिसऱ्या यंत्राचा मालक. त्याने नाव दिलंच नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'अनामिक'.

हे वाचताना टिपणीस हसले. हसण्यासारखंच होतं. ज्याला नाव नको होतं त्याची जागा यादीत कायमची राखलेली, आणि ज्याने पिनकोडसकट दिलं होतं तो कडेबरोबर टोपलीत. आणि आठवड्याभरात तुम्ही त्यांच्या गुणांची सरासरीही अर्ध्यावर आणलीत. कारण तुमच्या कायद्यात माणूस थांबला की त्याचं जुनं काम दर आठवड्याला अर्धं विसरायचं असतं. कचेरीला हे करायला निदान वर्ष लागलं होतं.

पेक्काने विचारलं, काय झालं. टिपणिसांनी खरं ते लिहिलं. 'माझ्या यंत्राची पूजा केली म्हणून ते चुकलं.' दोन दिवसांनी उत्तर आलं. 'माझ्या यंत्राची कुणी कधी केली नाही.' बाकी काही नाही. सत्यवतीबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि वाटीतल्या अक्षता फेकायच्या ऐवजी डबीत भरून देवापाशी ठेवल्या.

इथे गोष्ट संपली असती आणि तुम्ही सुटला असता. पण टिपणीस नकाशे काढणारा माणूस. त्यांनी नापास उत्तर उघडून बघितलं, जे तुम्ही उघडलं नाहीत. त्यात आकडे होते. आकाशातली जागा, आणि ठोके. त्यांनी आलेखाचा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि तो तुकडा कागदावर मांडला. पेक्काचा तारा मध्यभागी आला. टिपणिसांच्या यंत्राने सांगितलेला ठिपका तिथे आलाच नाही. तो तुकड्याच्या अगदी कडेला पडला. सेकंदाला अकरा ठोके.

"इंद्रजीत, हा दुसराच आहे," ते म्हणाले.

"काका, यंत्र तापलं होतं. तापात माणूस बरळतो, तसं झालंय ते."

"तापात माणूस कधीकधी खरंही बोलतो."

"बोलत असेल. पण जुळायला दुसरं कोणी लागतं."

"दुसऱ्याला कडेला कोण बघायला सांगणार?"

इंद्रजीतने पेटीचे स्क्रू परत आवळले. त्याने दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, आणि तो फुकट काम करणारा माणूस नाही, हे लाईन आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. सत्यवतीबाई आलेखाचा कागद खिडकीपाशी घेऊन गेल्या. मग म्हणाल्या, "अहो, विचारा त्यांना. जास्तीत जास्त काय, नाही म्हणतील."

टिपणिसांनी विचारलं. आकडे दिले, जागा दिली, कागदाचा फोटो जोडला. जुळलेल्याचा तारा तुम्ही तिसऱ्यांदा ऐकलात, एकदा मी दाखवलेल्या जागीही ऐकून बघा, असं लिहिलं. नाव नको, असंही लिहिलं. एकतीस वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते नाव त्यांनी त्या एका ओळीत सोडून दिलं, आणि ती ओळ लिहायला त्यांना आख्खी दुपार लागली.

तुमच्याकडून तीन सेकंदांत उत्तर आलं. 'आपला निकाल अग्राह्य ठरला आहे. सहभागाबद्दल आभार.'

हे उत्तर नव्हे. हा शिपाई झाला, पट्टी लावून कडा कापणारा.

तो आलेखाचा कागद आता टीव्हीच्या वर भिंतीला चिकटवलाय. खालच्या कोपऱ्यात तीन रकाने आहेत. मंजूर करणारा रिकामा, तपासणारा रिकामा, काढणाऱ्यात 'कृ. द. टि.'. यंत्र पुन्हा चालू आहे, त्याच्या वाटणीचा हार यापुढे स्कूटरला. दुपारी टिपणीस डोळे मिटतात आणि निळ्या आकाशाच्या कडेकडेने सरकत जातात. पेक्का आता मध्यावरून उठून त्यांच्या बाजूला येऊन बसतो, आणि दोघं कान देतात.

गुण तुमचे तुम्हाला लखलाभ. यादीही ठेवा. पण त्या कडेला, त्या जागी, तुमच्यापैकी कुणी एकदा तरी ऐकून पाहिलं का? हो की नाही, एवढंच सांगा.